पाळणाघर : घरगुती व्यवसाय आणि त्याचे गणित

प्रसूती रजेचे सव्वीस आठवडे संपतात तेव्हा मूल जेमतेम चार ते सहा महिन्यांचे असते. त्याला अद्याप धड बसताही येत नाही. ही रजासुद्धा प्रामुख्याने संघटित क्षेत्रातील स्त्रियांच्या वाट्याला येते. बांधकामावर विटा वाहणारी, तंबाखूच्या शेतात राबणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री त्याहून कितीतरी आधी कामावर परतते. एकत्र कुटुंबात आजी, आत्या, थोरली जाऊ यांच्या भरवशावर मूल सोडता येत असे. पोटासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबात ती सोय नसते. अशा वेळी तान्ह्या मुलाचा सांभाळ आठ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे येतो आणि तिची शाळा सुटते. पाळणाघराची गरज मोजताना आईबरोबर या मुलीचीही गणना व्हायला हवी.

ही गरज भागवणारी पाळणाघरे आपल्या शहरांतून बऱ्याच काळापासून चालत आली आहेत. एखादी गृहिणी शेजारच्या दोन मुलांना सांभाळू लागते, वर्षभरात त्यांची सहा होतात आणि घरातील बाहेरची खोली पाळणाघर बनते. कमी भांडवलात, घरबसल्या आणि ज्ञात कौशल्यावर उभा राहणारा व्यवसाय म्हणून स्त्रियांना त्याची शिफारस केली जाते. ती योग्यच आहे. तथापि या व्यवसायाचा नफा एकाच गोष्टीवर अवलंबून असतो, ती म्हणजे एका सेविकेमागे किती मुले. मुलांची सुरक्षितताही नेमक्या त्याच आकड्यावर अवलंबून असते. हा तिढा समजून न घेता पाळणाघर सुरू करणे धोक्याचे आहे.

कायदा आणि परंपरा

१९४८ च्या कारखाना अधिनियमात पाळणाघराची तरतूद होती. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांना ते बंधनकारक झाले. चहा-कॉफीचे मळे आणि खाणी यांसाठीही स्वतंत्र तरतुदी होत्या. या व्यवस्थेत एक उणीव होती. बंधन स्त्री कामगारांच्या संख्येशी जोडलेले असल्यामुळे स्त्रिया कमी नेमल्या की पाळणाघराचा खर्च टळत असे. २०१७ च्या मातृत्व लाभ (सुधारणा) अधिनियमाने ही पळवाट बरीचशी बुजवली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला, त्यात स्त्रिया किती हे न पाहता, पाळणाघराची सोय करणे आणि मातेला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू देणे आवश्यक ठरले. हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

कायद्याची पोच नसलेल्या ठिकाणी स्वयंसेवी प्रयत्नांनी वाट दाखवली. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले. ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेचा तो प्रारंभ होय. गुजरातमध्ये ‘सेवा’ या संघटनेच्या प्रेरणेने १९८६ साली ‘संगिनी’ ही बालसंगोपन सेविकांची सहकारी संस्था उभी राहिली. येथे मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया स्वतःच संस्थेच्या सभासद आहेत. मातांकडून थोडी फी घेतली जाते, परंतु केवळ त्या फीवर खर्च भागत नाही; त्याला शासकीय साहाय्य, देणग्या आणि इतर संस्थांची जोड द्यावी लागते. मजूर वस्तीत पाळणाघर काढू इच्छिणाऱ्यांनी हा अनुभव आधी विचारात घ्यावा.

बारा मुलांचा हिशेब

मध्यमवर्गीय वस्तीतील पाळणाघराचे अर्थकारण कसे असते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. आकडे शहरागणिक बदलतील. मांडणी मात्र फारशी बदलणार नाही. समजा, मध्यम आकाराच्या शहरात एका संचालिकेकडे बारा मुले आहेत. त्यांपैकी पाच तीन वर्षांखालील व सात त्याहून मोठी. लहानांची मासिक फी ४,५०० रुपये आणि मोठ्यांची ३,५०० रुपये धरली, तर दरमहा ४७,००० रुपये जमा होतात. खर्चात भाडे ८,०००, एका सेविकेचे वेतन ११,०००, अर्धवेळ मदतनिसाचे ७,०००, खाऊ व दूध ६,०००, वीज, पाणी, गॅस व स्वच्छता ३,००० आणि खेळणी, प्रथमोपचार, किरकोळ दुरुस्ती १,००० असे ३६,००० रुपये होतात. प्रारंभी एक लाखाचे कर्ज तीन वर्षांसाठी घेतले असल्यास बारा टक्के दराने सुमारे ३,३०० रुपयांचा हप्ता पडतो. हाती उरतात ७,७०० रुपये. संचालिकेच्या दहा-अकरा तासांच्या श्रमाचे मोल एवढेच!

मे महिन्यात तीन मोठी मुले आजोळी गेली की १०,५०० रुपयांची फी बुडते. खाऊचे दीड हजार वाचतात, पण भाडे व वेतन थांबत नाही. त्या महिन्यात सुमारे तेराशे रुपयांची तूट येते.

अशा वेळी आणखी चार तान्ही मुले घेण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. फी १८,००० रुपये वाढेल, खाऊचा खर्च फार तर दोन हजारांनी, सेविका तीच. शिल्लक तिपटीवर जाते. नियमांतही हे बसते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांखालील दहा मुलांमागे किंवा त्यावरील वीस मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका व सोबत मदतनीस असावी.

परंतु दुपारी साडेबाराची वेळ डोळ्यांसमोर आणावी. सेविका एका मुलाला भरवत आहे. संचालिका दुसऱ्याचे दुपटे बदलत आहे. मदतनीस स्वयंपाकघरात दूध गरम करते आहे. उरलेल्या सात तान्ह्यांपैकी एक रांगत न्हाणीघराच्या दाराशी पोहोचते आणि आत पाण्याने भरलेली बादली असते. रांगते मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते आणि त्याला काही मिनिटेच पुरतात. शासकीय प्रमाण ही कमाल मर्यादा आहे, ते उद्दिष्ट नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते एक वर्षाखालील तीनहून अधिक मुले एका सेविकेवर सोपवू नयेत.

मग उत्पन्न वाढवायचे कसे? तान्ह्यांची संख्या न वाढवता शाळा सुटल्यानंतर दुपारी एक ते सहा या वेळेत येणारी सहा ते दहा वर्षांची मुले घेणे, हा एक मार्ग आहे. त्यांना जागा लागते, पण अखंड उचलून घ्यावे लागत नाही. मुले गावी गेली तरी जागा राखण्याची अर्धी फी आकारावी. उशिरा नेण्यास येणाऱ्या पालकांकडून ठरावीक आकार घ्यावा. या अटी प्रवेशाच्या वेळीच लेखी द्याव्यात. ओळखीच्या शेजारणीकडे त्या मागाहून मागणे फार अवघड जाते.

जागा व दैनंदिन शिस्त

जागा तळमजल्यावरच असावी. जिन्याला फाटक, विजेच्या खालच्या बटणांना झाकणे, दाराला मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी आणि औषधे व फिनेल कुलपात, एवढे किमान हवेच. बादल्या रिकाम्या करून पालथ्या ठेवाव्यात. पालक बहुधा भिंतीवरील चित्रे आणि बाहेरची इंग्रजी पाटी पाहून पाळणाघर निवडतात; त्यांनी आधी न्हाणीघर व स्वयंपाकघर पाहिलेले बरे.

तान्ह्या मुलाला नेहमी पाठीवर, घट्ट गादीवर, तोंडाजवळ उशी वा मऊ पांघरूण न ठेवता झोपवावे. आईने काढून दिलेल्या दुधाच्या भांड्यावर मुलाचे नाव व वेळ लिहावी. साध्या तापमानाला ते चार तासांपेक्षा अधिक ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याआधीच वापरावे किंवा शीतकपाटात ठेवावे. शेंगदाणे, फुटाणे, अखखी द्राक्षे लहान मुलांना देऊ नयेत, कारण ती घशात अडकतात. महागड्या खेळण्यांची आवश्यकता नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाने, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातील वस्तूंवरच बालशिक्षण उभे केले होते. अर्थात बिया आणि शंख तीन वर्षांखालील मुलांच्या हाती पडू देऊ नयेत.

प्रत्येक मुलाची नोंद ठेवावी. तीत लसीकरण, आजारपणे, घरचा डॉक्टर आणि मुलाला नेण्यास अधिकृत व्यक्तींची नावे असावीत. नोंदीत नसलेल्या व्यक्तीच्या स्वाधीन मूल करू नये, मग ती सख्खा काका म्हणवून का येईना. पालकांनी लेखी दिल्याखेरीज औषध देऊ नये. सेविका नेमताना पोलीस पडताळणी करून घ्यावी. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमानुसार अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पाळणाघराची बदनामी होईल या भीतीने ती दडवणे हाही गुन्हाच ठरतो.

भांडवल व ग्राहक

भांडवलाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत व ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. दुकाने व आस्थापनांविषयीचे नियम राज्यागणिक वेगळे असल्याने त्यांची चौकशी स्थानिक पातळीवर करावी. मजूर वस्त्यांसाठी २००६ ची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची तरतूद आहे.

लहान पाळणाघरांना खरी संधी मात्र कायद्यातील एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या भागात आहे. पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेने पाळणाघर स्वतःच बांधले पाहिजे असे नाही. शासन, नगरपालिका, खाजगी व्यक्ती वा स्वयंसेवी संस्था यांच्या सामाईक पाळणाघराची सेवा ती घेऊ शकते. अनेक आस्थापना एकत्र येऊन खर्च वाटूनही घेऊ शकतात. औद्योगिक वसाहतीजवळ, रुग्णालयाच्या वा बाजारपेठेच्या परिसरात अशा चार-पाच आस्थापनांशी करार झाला, तर फीचा भार एकट्या आईवर पडत नाही. करार करताना आकारणी हजर मुलांवर न ठरवता राखून ठेवलेल्या जागांवर ठरवावी, आणि मातेच्या दिवसातील चार भेटींच्या वेळा त्यातच नमूद करून घ्याव्यात.