बक्षीसपत्रात न लिहिलेली अट

आई राहते घर मुलाच्या नावावर करते ते बहुधा बक्षीसपत्राने. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर असलाच तर स्थानिक अधिभार. काम स्वस्तात होते, म्हणून मसुदा कोणी नीट वाचत नाही. ‘नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला’ हे ठरलेले वाक्य त्यात असते. सही, दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, की घर मुलाचे झाले.

पुढे मुलगा विचारेनासा झाला तर? मन फिरले म्हणून बक्षीसपत्र मोडता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 126 याबाबत कडक आहे. दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून घ्यायचा तर फसवणूक किंवा दबाव आईने सिद्ध करायचा. सही तर तिने राजीखुशीने केलेली असते!

2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने दुसरी वाट काढली. साठीच्या पुढच्या माणसाने सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे कलम 23 धरून चालते. अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांतांपुढे जातो. ते दस्त रद्दबातल ठरवू शकतात.

सगळी मेख ‘अटीवर’ या शब्दात आहे. अट होती हे दाखवावेच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022मध्ये सांगितले. छतरपूरच्या एका आईचे प्रकरण याच मुद्द्यावर अडले. तिने 2019मध्ये मुलाला बक्षीसपत्र दिले. सांभाळ केला नाही तर आईला मालमत्ता परत घेता येईल, असे त्याच दिवशीचे वचनपत्र तिच्याकडे होते. मुलाने ते बनावट म्हटले. उपविभागीय दंडाधिकारी, जिल्हाधिकारी आणि उच्च न्यायालयाचे एकलपीठ आईच्या बाजूने गेले. खंडपीठाला मात्र बक्षीसपत्रात अट दिसली नाही, आणि मुलगा जिंकला. 2 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि 28 फेब्रुवारीपर्यंत ताबा आईला द्यायला सांगितले. न्यायाधिकरण ताबाही देववू शकते, हेही स्पष्ट केले.

इतकी वर्षे कज्जा खेळण्यापेक्षा सांभाळाची अट आणि स्वतःचा तहहयात राहण्याचा हक्क दस्तातच लिहून घेणे बरे. माझ्या मते त्याहून बरे मृत्युपत्र: ते हयातीत कधीही बदलता येते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही.