वाऱ्याला बांध नसतो

दिवाळीच्या अंकात गांजाची गोष्ट! पाने चाळता चाळता एखाद्या आजीबाईंनी चष्मा वर सारून हा अंक नातवंडांच्या हातातून काढून घेतला, तर मला मुळीच नवल वाटणार नाही. पण आजी, क्षणभर थांबा. ही गोष्ट नशेची नाही, शेजाराची आहे.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने ती भांग, मादी झाडाचे फुलोरे तो गांजा आणि त्यांची राळ तो चरस. याच झाडाच्या सालीपासून दोरखंडाचा वाख निघतो. आमच्या भाषाशास्त्राच्या दृष्टीने तर हे झाड फार कुलीन! भांगेच्या शेताला ‘भंग्य’ आणि ‘भाङ्गीन’ असे दोन शब्द पाणिनीने सिद्ध करून ठेवले आहेत. इंग्रजांनी मात्र वाख देणाऱ्या साऱ्या झाडांना एकच नाव लावून घोळ करून ठेवला. त्यांच्या लेखी आपला ताग आणि आपली अंबाडी हीदेखील ‘हेंप’च. वास्तविक या दोघींचे भांगेशी काडीचेही नाते नाही.

या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. नराचा पराग मादीवर पडला की तिच्यात बी धरते, राळ कमी होते आणि गांजा म्हणून तिची किंमत उतरते. म्हणून गांजा पिकवणाऱ्याचे पहिले काम, नर फुलण्याआधी तो उपटून टाकणे. 1893-94 साली सरकारने नेमलेल्या आयोगाने या साऱ्या व्यवहाराची कसून चौकशी केली. तेव्हा मुंबई इलाख्यात गांजाचे मुख्य क्षेत्र होते अहमदनगर जिल्हा. बंगालमध्ये नर ओळखण्यासाठी खास जाणकार असत. त्यांना ‘पोद्दार’ म्हणत. ते शेतातून फिरत आणि नर झाडे हुडकून काढत. कारण उघड होते. एकाने आळस केला तर तोटा त्याच्या एकट्याचा होत नसे. वारा तो तोटा गावभर वाटून टाकी. त्याच बंगालातल्या नौगावला 1917 साली गांजा पिकवणाऱ्यांची चक्क सहकारी संस्था उभी राहिली होती.

हेच भांडण आता सातासमुद्रापार पोहोचले आहे. कॅनडात 2018 पासून बहुतेक प्रांतांत प्रौढ माणसाला घरी चार रोपे लावण्याची मुभा आहे. त्याच साली अमेरिकेने वाखाच्या आणि बियांच्या भांगेची शेती देशभर खुली केली. या शेतीत नर हवेतच, नाहीतर बी कोठून यायचे? आणि परसात चार माद्या जपणाऱ्याला तर नर डोळ्यांसमोर नको! मग एकाचे पीक ते दुसऱ्याचे संकट. भिंत बांधून उपयोग नाही. मोरोक्कोतल्या भांगेचा पराग भूमध्य समुद्र ओलांडून स्पेनमधल्या मालागा शहराच्या हवेत उतरतो, असे तिथल्या संशोधकांनी 1997 साली दाखवून दिले. जिथे समुद्र आडवा येत नाही, तिथे परसाच्या कुंपणाने काय करावे?

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवत नाही, कारण 1985 च्या कायद्याने विनापरवाना गांजा लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवली आहे. तेव्हा माझ्या परसात गांजा नाही, हे कृपा करून ध्यानात घ्यावे! आमच्या परसात आहे मका. आणि वाऱ्याची कुळकथा मला समजली ती मक्यामुळे.

कागल हा उसाचा मुलूख. दूधगंगेच्या पाण्यावर ऊस आला आणि बांधावरची कितीतरी जुनी बियाणी एकेक करून निघून गेली. माझ्या आईने माहेराहून आणलेला पांढरा मका त्यांतलाच. बुटकी कणसे, पण भाकरी अशी मऊ की दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही. तिच्या माहेरी आता हे बी कोणी ठेवलेले नाही. म्हणजे आमच्या माळ्यावर टांगलेली दहा-बारा कणसे हाच त्याचा उरलेला वंश.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या रानात गोड मका आला, आणि त्या पावसाळ्यात आईच्या कणसांत पिवळे दाणे दिसू लागले. मक्याचे एक बरे असते, परक्या परागाची चुगली दाणा त्याच हंगामात करतो. प्रमाणित बियाण्यासाठी दोन मक्यांत 200 मीटर अंतर ठेवावे असा नियम आहे. आमच्या परसापासून ते रान पन्नास पावलांवर!

मी शेजारी तात्यांकडे गेलो. ते म्हणाले, “सर, माझ्या रानात काय पेरायचं ते बी आता तुमास्नी इचारून ठरवू व्हय?” प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हते. ते आईकडे होते. तिने तात्यांना चहाला बोलावले आणि सहज विचारले, “तात्या, तुमच्या कडंच्या ओळीतली कणसं यंदा गोड लागली का रं?”

तात्या गप्प झाले. कडेच्या ओळी बेचव निघाल्याची तक्रार त्यांच्या व्यापाऱ्याने केलीच होती. साध्या मक्याचा पराग पडला की गोड मक्याचा दाणा पिठूळ होतो. आमचा वारा त्यांच्याकडेही जात होता!

मग तोड निघायला कितीसा वेळ? आई रोहिणीत पेरते. तात्या तरण्या पावसात. मधे चाळीस दिवसांचे अंतर पडते, त्यामुळे एकाचा तुरा झडून जातो तेव्हा दुसऱ्याचा निघायचा असतो. शिवाय बियासाठी धरलेल्या कणसांवर केस फुटण्याआधी आई कागदी पिशवी बांधते आणि आमच्याच तुऱ्याचा पराग हाताने झटकते. गेली दोन वर्षे कणसे पांढरीशुभ्र आली आहेत.

ज्या अहमदनगर जिल्ह्यात एके काळी गांजाचे नर उपटले जात, त्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. बियाणे मडक्यात राखता येते, पण त्याची जात शिवारातच राखावी लागते, आणि शिवार एकट्याचे कधीच नसते.

यंदा तात्यांच्या सूनबाईंनी आईकडून ओंजळभर बी मागून नेले आहे. म्हणजे तो वंश आता दोन माळ्यांवर टांगलेला आहे.