वैमानिकाच्या पिशवीतला दुसरा हेडसेट



परवा तिसरीच्या वर्गात पाढे चालले होते आणि एवढ्यात शाळेवरून हेलिकॉप्टर गेलं. मग काय, पाढे राहिले बाजूला आणि सगळा वर्ग खिडकीशी! हेलिकॉप्टर पोलादपूरच्या बाजूला डोंगराआड दिसेनासं झालं, तरी त्याची घरघर ऐकू येतच होती. मुलं जागेवर बसली, तसा एकाने हात वर केला.

"बाई, बाहेर एवढा आवाज, तर आत केवढा असेल! मग आतली माणसं बोलतात कशी?"

महाड-पोलादपूरच्या माणसाला हेलिकॉप्टरचं नुसतं कौतुक नसतं, बरं का. ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा बेपत्ता माणसांच्या शोधासाठी हेलिकॉप्टरं आली होती. जुलै २०२१ च्या महापुरातही आली. आमच्याकडे तो आवाज म्हणजे 'कुणीतरी मदतीला आलं.' म्हणून मी पाढे थांबवून उत्तर दिलं. "त्या जवानांच्या हेल्मेटमध्येच ऐकायची सोय असते आणि तोंडापुढे माइक असतो. छोट्या विमानाचे वैमानिक हेल्मेट घालत नाहीत. ते कानांवर हेडसेट लावतात."

लगेच पुढच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला. "आणि तो बिघडला तर?"

शाब्बास! वैमानिकांनाही हाच प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर त्यांच्या पिशवीत असतं. आज आपण ती पिशवी उघडून पाहू या.

आधी कानाचं गणित

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपण समोरासमोर बोलतो, तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. पुढे पंखा असलेल्या छोट्या विमानात बसलं, तर आत सुमारे ९० डेसिबल आवाज असतो. फरक फक्त तीसचा? छे! डेसिबलचं गणित निराळं आहे. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते, आणि १० वाढले की दहापट! म्हणजे ३० वाढले की किती? दहा गुणिले दहा गुणिले दहा, एक हजार पट!

आपल्या प्रत्येक कानात आत खोलवर सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाज टिपून मेंदूकडे पाठवण्याचं काम त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. दुधाचा दात पडला तर दुसरा येतो, पण इथे तशी सोय नाही.

रेडिओ नव्हता तेव्हा

भारतातला वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. त्यांच्या 'पस मॉथ' विमानात रेडिओच नव्हता! वाट शोधायची ती डोळ्यांनी, आणि बोलायला वर आकाशात होतं कोण?

पण शिकाऊ वैमानिकाला गुरुजींचं ऐकावं तर लागणारच. त्यासाठी पूर्वी एक गमतीची युक्ती होती. गुरुजींच्या तोंडापुढे नरसाळं, त्याला जोडलेली रबरी नळी आणि तिची दोन टोकं शिष्याच्या टोपीत, दोन्ही कानांपाशी. इंग्लंडमधल्या गॉसपोर्ट गावी पहिल्या महायुद्धाच्या काळात ही नळी निघाली. वीज नाही, सेल नाहीत, तरी बोलणं पोचायचं!

आज तसं चालत नाही. आकाशात गर्दी आहे. केव्हा उतरायचं, कुठे थांबायचं, किती उंचीवर राहायचं, हे नियंत्रण मनोऱ्यातून रेडिओवर सांगतात आणि वैमानिकाने ते परत म्हणून दाखवायचं असतं. आकडा चुकीचा ऐकू येऊ नये म्हणून केवढी काळजी! इंग्रजीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येतात, म्हणून रेडिओवर नऊला 'नाइनर' म्हणतात.

हेडसेट करतो तरी काय?

हेडसेटची कामं तीन. बाहेरचा गोंगाट अडवायचा, रेडिओवरचं बोलणं कानात पोचवायचं आणि आपलं बोलणं स्वच्छ पाठवायचं.

साध्या हेडसेटमध्ये कानभर बसणाऱ्या दोन जाड वाट्या असतात. त्यांच्या कडेला मऊ गादी असते. ही गादी डोक्याला घट्ट बसली की साधारण २० ते २५ डेसिबल आवाज बाहेरच राहतो. यात सेल लागत नाहीत.

दुसरा प्रकार आवाज खोडणाऱ्या हेडसेटचा. वाटीतला छोटा माइक आत आलेली घरघर टिपतो आणि हेडसेट तिच्या बरोबर उलट लहरी सोडतो. दोन्ही भेटल्या की घरघर मावळते. अमेरिकेतले प्राध्यापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासातच सुचली. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक होते. १९८६ मध्ये 'व्हॉयेजर' विमान वाटेत कुठेही न उतरता, इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. त्याच्या दोन वैमानिकांच्या कानांवर असेच प्रायोगिक हेडसेट होते. १९८९ मध्ये ते बाजारात आले.

माइकची गंमत तर आणखीच. तो ओठांना जवळजवळ टेकेल इतका पुढे घ्यायचा असतो. त्याला दोन्ही बाजूंनी भोकं असतात. इंजिनचा आवाज दोन्हींकडून सारखाच शिरतो आणि आपोआप वजा होतो. आपला आवाज मात्र एकाच बाजूने येतो आणि तेवढाच पुढे जातो. माइक हनुवटीखाली ठेवला, तर ही वजाबाकी बिघडते!

बिघडला तर?

वायर तुटते, पिन सैल होते, माइक मुका होतो. पण घाबरायचं कारण नाही. विमान हेडसेटवर उडत नाही, पंखांवर उडतं. वैमानिकांना आधीच शिकवलेलं असतं, 'पहिलं विमान सांभाळ, बोलणं नंतर.' बऱ्याच छोट्या विमानांत हातात धरायचा माइक आणि छतात स्पीकर असतो. रेडिओच गेला, तर यंत्रावर ७६०० हा आकडा लावतात. तो रडारवर दिसला की मनोऱ्यातल्या माणसांना कळतं, 'याचं बोलणं बंद पडलंय.' मग मनोऱ्यातून दिव्याची खूण करतात. वर उडणाऱ्या विमानाला स्थिर हिरवा दिवा दिसला तर 'उतर', स्थिर लाल दिसला तर 'दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा.'

पण नुसत्या हेडसेटचं दुखणं असेल, तर एवढा खटाटोप कशाला? जुना काढायचा, पिशवीतला दुसरा लावायचा! शिवाय शेजारी कधी बहीण बसते, कधी मित्र. त्यांनाही कान आहेतच की.

स्वस्त, पण कामाचा

आता प्रश्न पैशांचा. आवाज खोडणारे नामांकित हेडसेट लाखाच्या आसपास जातात. साधे, दणकट हेडसेट साधारण तिसऱ्या हिश्श्यात मिळतात आणि त्याहून स्वस्तही असतात. बारामती, धुळे, गोंदिया इथे विमान उडवायला शिकणाऱ्या ताई-दादांना शिक्षणाचाच खर्च भारी असतो. मग जास्तीच्या हेडसेटवर लाख कोण घालणार? घालूही नयेत. निवडताना एवढं पाहावं:

१. वाट्या घट्ट बसतात का? चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून पाहावं. काडीखाली फट राहिली की आवाज शिरलाच.

२. पिना जुळतात का? छोट्या विमानाच्या हेडसेटला बहुधा दोन पिना असतात. पाव इंचाची जाड पिन ऐकण्यासाठी, जरा बारीक असते ती बोलण्यासाठी. हेलिकॉप्टरमध्ये बहुधा एकच पिन लागते. म्हणजे विमानाचा हेडसेट हेलिकॉप्टरमध्ये तसाच चालत नाही, मग आपला मोबाइलचा तर नाहीच नाही!

३. माइक चांगला आहे का? गादी थोडी कडक चालेल, रंग उडालेला चालेल. पण बोलणं समजलं नाही, तर तो हेडसेट काय कामाचा? इथे काटकसर नको.

४. गादी, वायर, माइकवरची स्पंजची टोपी हे सुटे भाग मिळतात का? मिळत असतील तर वापरलेला हेडसेटही घ्यायला हरकत नाही. दुसऱ्याच्या घामाची गादी तेवढी बदलून घ्यावी.

५. सेलशिवाय चालतो का? जास्तीच्या हेडसेटसाठी साधा प्रकारच बरा. वर्षभर पिशवीत पडून राहिला तरी त्याचे सेल संपायची भीती नाही.

आमची विजेरी

ही पाचवी गोष्ट मला कशी पटली, तेही सांगते. २२ जुलै २०२१ ची महाडची गोष्ट. सावित्री आणि गांधारीचं पाणी गावात शिरलं. वीज गेली, मोबाइल बंद पडले. आमच्या कपाटात एक जास्तीची विजेरी होती. चांगली होती, हं! मोठ्या ऐटीत मी ती काढली आणि बटण दाबलं. काहीच नाही. झाकण उघडलं तर सेल फुटून आत पांढरी पूड साचलेली. दोन वर्षांत मी ती एकदाही लावून पाहिली नव्हती. शेजारच्या आजींना आम्ही अंधारात, हाताला धरून, एकेक पायरी चाचपत वर नेलं. पाणी मागून जिन्याला लागत होतं.

सगळे सुखरूप राहिलो. पण त्या रात्री मला कळलं की, तपासलेली नसली तर जास्तीची वस्तू असून नसल्यासारखी. म्हणून शहाणा वैमानिक दुसरा हेडसेट नुसता पिशवीत ठेवत नाही. जमिनीवर असतानाच तो विमानात लावतो, बोलून आणि ऐकून पाहतो, मगच पिशवीत घालतो. आमच्या घरी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विजेरीची परीक्षा असते. सेल वेगळे काढून ठेवलेले असतात. परीक्षा घेतो आमचा धाकटा आणि गुण द्यायला तो भलताच कडक आहे!

करून पाहा

रेडिओ लावा. दोन्ही तळहातांची वाटी करून कान झाका. आवाज कमी झाला? आता एकच बोट किंचित उचला. एवढ्याशा फटीतून केवढा आवाज येतो, पाहिलंत? घट्ट बसणं महत्त्वाचं का, ते आता तुमच्या कानांनीच सांगितलं.

आई-बाबांसाठीही एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्यांनी आठवड्याला ४० तास ऐकायचं, तर आवाज ८० डेसिबलच्या वर नको, आणि मुलांसाठी ७५ च्या. मुलाच्या कानातल्या हेडफोनचा आवाज शेजारी बसलेल्या तुम्हाला ऐकू येत असेल, तर तो मोठाच आहे असं समजा.

आणि तुमच्यापैकी कुणाला वैमानिक व्हायचं असेल, तर ऐका. भारतात खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वय १७ पूर्ण लागतं, दहावी पास लागते, वैद्यकीय तपासणी लागते आणि निदान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्याला अजून अवकाश आहे. तोवर कान जपा. आणि हो, आज घरी गेल्यावर कपाटातली विजेरी तेवढी लावून पाहा!