दोनशे किलोची गाडी आणि आपली कंबर

ठाणे–भिवंडी रस्त्यालगतच्या राहनाळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामे वाढली, इमारती वाढल्या आणि दुचाकी उभी करण्याची जागा मात्र आकसत गेली. साइड स्टँडवर कललेली गाडी जागा अडवते. पावसाळ्यात तो स्टँड चिखलात रुततो आणि गाडी आडवी होते. म्हणून घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, "डबल स्टँडवर लाव." सल्ला योग्यच आहे. अडचण एवढीच, की मुलगा कामावर गेलेला असतो, गाडी वाटेत असते, आणि मग आजोबाच पुढे सरसावतात. कंबर धरून दवाखान्यात येणाऱ्या काही ज्येष्ठांच्या दुखण्याचा आरंभ अशाच एका हिसक्यात झालेला असतो.

ओझे किती, सवय कशाची?

आज सत्तरी ओलांडलेल्या अनेकांनी उमेदीची वर्षे 'चेतक' स्कूटरवर काढली. ती सवय हातांत राहिली आहे. गाड्या मात्र बदलल्या. 'स्प्लेंडर' सुमारे ११० किलोची, तर 'क्लासिक ३५०' बुलेट सुमारे १९५ किलोची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहून न्यायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे. तेव्हा बुलेट हातांनी उचलण्याचा विचार तरुणानेही करू नये.

सुदैवाने ती उचलावी लागतच नाही. डबल स्टँड ही एक तरफ आहे. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि त्याच्या पट्टीवर आपण शरीराचा भार टाकला, की गाडी थोडी वर आणि थोडी मागे सरकून आपोआप बसते. काम पायाचे आहे. हातांनी केवळ तोल सांभाळायचा आणि दिशा द्यायची. कंबर दुखावते ती हा क्रम उलटल्यामुळे: पाय नुसता टेकलेला, आणि वाकलेली पाठ मागचा दांडा वर खेचते आहे.

योग्य पद्धत

१. जागा सपाट, कोरडी आणि टणक हवी. पायात बूट किंवा मागे पट्टा असलेली चप्पल असावी. ओल्या फरशीवर सपाता नकोत.

२. गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये आणा. चढताना ती मागे सरकते. गिअरमध्ये असली तर अडते.

३. गाडीच्या डाव्या बाजूला, तिच्या अगदी जवळ उभे राहा. डाव्या हाताने हँडलची डावी मूठ धरा आणि पुढचे चाक सरळ ठेवा. उजव्या हाताने सीटजवळचा दांडा धरा. गाडी सरळ उभी करून साइड स्टँड मिटा.

४. उजव्या पायाने डबल स्टँड खाली दाबा आणि गाडी किंचित डोलवून पाहा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याचे जाणवेपर्यंत पुढे जाऊ नका. एकच पाय टेकला असताना जोर लावला, तर गाडी कलंडते.

५. पाठ सरळ ठेवा, नजर समोर असू द्या. जिन्याची पायरी चढावी तसे स्टँडच्या पट्टीवर उभे राहा. जोर लावताना तोंडाने श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब एकदम चढतो.

दोन प्रयत्नांत गाडी चढली नाही, तर थांबा. मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल किंवा स्टँडचा सांधा गंजला असेल. हवा भरून आणि सांध्यात तेल सोडून बराच फरक पडतो. मागच्या चाकाखाली अर्धा-पाऊण इंच जाडीची लांब फळी घातल्यास जोर आणखी कमी लागतो. चाक फळीच्या पुढच्या टोकाकडे असावे आणि स्टँडचे पाय मात्र जमिनीवरच टेकावेत.

गाडी स्टँडवरून उतरवताना साइड स्टँड आधी उघडून ठेवा. मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकची मूठ उजवीकडे असते. डावीकडे उभ्या माणसाचा हात तिथे सहज पोहोचत नाही.

आणि गाडी तोल जाऊन पलीकडे झुकलीच, तर सोडून द्या. पडू द्या. वाकलेले हँडल गॅरेजमध्ये सरळ होते. साठीनंतर खुब्याचे हाड मोडले, तर पुन्हा चालते होण्यात कित्येक महिने जातात.

हे कोणी करू नये?

हाडे ठिसूळ झालेली असल्यास, पूर्वी मणका दबला असल्यास, छातीत दुखण्याचा त्रास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असल्यास, चक्कर येत असल्यास किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास या कामापासून दूर राहावे. बायपास, हर्निया, मोतीबिंदू किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास शल्यचिकित्सकांच्या परवानगीविना गाडीला हात लावू नये. इतरांनीही अंथरुणातून उठल्या उठल्या हे करू नये. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. तासाभराची ये-जा झाल्यावर कंबर अधिक सोसते.

कळ उठलीच तर

काम तिथेच सोडा. पाठीवर निजून गुडघ्यांखाली उशी घ्या. वेदना थोडी ओसरल्यावर घरातल्या घरात चालत राहा. दिवसच्या दिवस पडून राहिल्याने कंबर अधिक आखडते. औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. मूत्रपिंड, रक्तदाब आणि जठर या तिन्हींना त्या उतारवयात बाधू शकतात.

पुढील लक्षणांत मात्र विलंब नको: पायाचा पंजा उचलता न येणे, मांड्यांच्या आतील भागात बधिरपणा, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे. वयस्क स्त्री-पुरुषांत पाठीच्या मध्यावर एकाएकी तीव्र वेदना सुरू झाल्यास मणका दबल्याची शक्यता तपासावी लागते. जोर लावल्यावर छातीत दाब, घाम किंवा दम जाणवला, तर 'स्नायू ताणला असेल' असे म्हणून वाट पाहू नका; १०८ वर फोन करा.

घरातील तरुणांना दोन शब्द

"बाबा, तुम्ही गाडीला हात लावू नका," असे चारचौघांत सांगितले, की बाबा आपल्या पाठीमागे हात लावतात, आणि तेही एकटे असताना. त्यापेक्षा कामावर जाण्यापूर्वी गाडी वाटेतून हलवून नीट लावून जा. एखाद्या रविवारी त्यांच्यासोबत वरील पद्धत करून पाहा: ते डावीकडे, तुम्ही मागच्या दांड्याशी. उजवीकडे उभे राहू नका. बहुतेक मोटारसायकलींचा तापलेला सायलेन्सर तिकडेच असतो. ज्यांना हे काम वर्ज्य आहे, त्यांना कारण शांतपणे समजावून सांगा आणि गाडीची हवा, तेल, कागदपत्रे यांची देखरेख त्यांच्याकडेच राहू द्या. ज्याने आयुष्यभर घरासाठी ओझे वाहिले, त्याला मदत मागणे जड जाते. म्हणून मदत त्याने मागण्याआधीच हजर असावी.