वाद्यं कमी, शब्द ठळक

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ बँडचा पहिला अल्बम आला. गिटार, बास, ड्रम्स. २९ मिनिटांत १४ गाणी. विक्री बेताचीच झाली, पण समीक्षकांनी दाद दिली आणि पंक संगीताचा पाया पडला.

आपल्या शाहिरांचा असाच साधेपणा मात्र ‘प्रचारी’ म्हणून बाजूला सारला गेला. संभाजी भगत यांची गाणी असलेल्या ‘कोर्ट’ चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात पुरस्कार मिळाला, तेव्हा ही शाहिरी जगाने ऐकली. डफ, ढोलकी, कोरस पुरतात, कारण वस्तीत शब्द पोचणं महत्त्वाचं.

अमरावती-अकोल्यात १४ एप्रिलला डीजेपुढे भीमगीताचे शब्दच हरवतात. येत्या जयंतीला एका तरी चौकात डीजे बंद ठेवून डफ वाजवू या. जय भीम!