संगणकाच्या दप्तरातील ढिलाई

भांडुप संकुलातून मुंबईला जाणारे पाणी गाळून, निर्जंतुक करून आणि तपासून मगच पुढे सोडले जाते. त्याच भांडुपच्या चाळींत आणि सोसायट्यांत असलेल्या संगणकांकडे एखादा दस्तऐवज परत मागितला, तर तो ठेवला होता तसाच आहे काय, हे पाहण्याची सोय त्यांपैकी बहुतेकांत नसते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात ज्यांनी कागदांचा लगदा झालेला पाहिला, त्यांनी खरेदीखते, प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे संगणकाच्या हवाली करावीत, हे स्वाभाविकच होते.

उपाय अज्ञात आहे, असेही नाही. त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सने खुली केलेली झेडएफएस ही फाइलव्यवस्था मजकुराच्या प्रत्येक खंडाची पडताळणी-बेरीज लिहून ठेवते आणि वाचताना ती जुळवून पाहते. घरगुती संगणकांवर मात्र १९९३ ची एनटीएफएस अद्याप नांदते आहे. अ‍ॅपलने २०१७ साली नवी व्यवस्था आणली. तीतही पडताळणी होते ती व्यवस्थेच्या स्वतःच्या नोंदींची, वापरणाऱ्याच्या मजकुराची नव्हे. डिस्क आपल्यापुरत्या चुका दुरुस्त करते, हे खरे. पण तिने भलत्याच जागेचा मजकूर आणून दिला, तर तो ओळखणार कोण?

मेमरीची कथा तर उलट्या पावलांची. १९८१ च्या आयबीएम पीसीत दर आठ बिटांमागे चूक पकडणारी नववी बिट होती. पुढे स्वस्ताईच्या शर्यतीत ती गळाली आणि चूक सुधारणारी मेमरी महागड्या सर्व्हरांची मिरास ठरली.

सबब सांगितली जाते ती जुन्या यंत्रांशी जुळवून घेण्याची. ती अगदीच खोटी नाही. भांडुप स्थानकाबाहेरील एखाद्या लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याला विचारावे. पेन ड्राइव्हमध्ये जागा असूनही चार जीबींहून मोठी चित्रफीत उतरत नाही, ती १९९६ च्या फॅट३२ च्या मर्यादेमुळे. ही अडचण दूर करणारी एक्सफॅट २००६ साली आली. पण गिऱ्हाइकाचा जुना टीव्ही ती वाचत नाही. पेन ड्राइव्हचा हा न्याय संगणकाच्या पोटातील डिस्कला मात्र लागू पडत नाही. ती टीव्हीला थोडीच जोडायची असते!

प्रती काढून ठेवा, असे विक्रेते सांगतात. बिघडलेल्या फाइलचीही प्रत तितक्याच इमानाने निघते आणि पूर्वीची चांगली प्रत तिच्याखाली पुसली जाते. शासन आणि महापालिका संगणक घाऊक विकत घेतात. त्यांच्या निविदांत पडताळणीची अट पडली, तर निर्मात्यांना ती सोय घरगुती यंत्रांतही देणे परवडू लागेल.