चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे अवयव सावरले असे नव्हे

कोविडसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची आरटी-पीसीआर चाचणी निगेटिव्ह आली आणि त्याला घरी सोडले की आजार संपला, त्यानंतरची धाप, विस्मरण किंवा थकवा हे केवळ अशक्तपणाचे नाहीतर मनाचे खेळ, ही समजूत अजूनही सर्रास आढळते आणि तिच्यापायी अनेक रुग्ण तपासणीलाच जात नाहीत. वस्तुतः ही चाचणी नाक-घशातील स्रावात विषाणूचे जनुकीय द्रव्य आहे की नाही एवढेच सांगते. आजाराच्या तीव्र अवस्थेतील बरेचसे नुकसान विषाणूला प्रतिकार करताना उसळलेल्या दाहामुळे आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत धरलेल्या गुठळ्यांमुळे होत असल्याने विषाणू नाहीसा झाला तरी ते नुकसान मागे उरू शकते, आणि त्याचा थांगपत्ता या चाचणीला लागणे शक्यच नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. इंग्लंडमधील रुग्णालयांतून घरी सोडलेल्या ४७,७८० कोविड रुग्णांपैकी जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांना सरासरी १४० दिवसांच्या पाठपुराव्यात पुन्हा दाखल व्हावे लागले आणि दहांतील एकाहून अधिक दगावले. वय व पूर्वीचे आजार जुळवून निवडलेल्या इतर नागरिकांच्या तुलनेत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे चौपट आणि आठपट होते. तुलनेतील नागरिक सर्वसाधारण लोकसंख्येतील होते, इतर आजारांसाठी दाखल झालेले रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, त्यामुळे यातील काही वाटा कोणत्याही गंभीर आजारपणाचा असू शकतो, हे मान्य करूनही 'घरी सोडले म्हणजे सुटका' हा दावा टिकत नाही. ब्रिटनमध्येच २५९ रुग्णांचे घरी सोडल्यानंतर सुमारे पाच महिन्यांनी एमआरआय काढले असता ६१ टक्के रुग्णांच्या एकाहून अधिक अवयवांत दोष दिसले, तर कोविड न झालेल्या ५२ व्यक्तींमध्ये हे प्रमाण २७ टक्के होते. फरक मुख्यतः फुप्फुसे, मेंदू आणि मूत्रपिंडांत आढळला. हृदय व यकृत यांत लक्षणीय फरक नव्हता, म्हणून सरसकट सर्व अवयव निकामी होतात ही भीतीही तितकीच निराधार आहे.

हा धोका केवळ वृद्धांना असतो, असेही नाही. इंग्लंडच्या अभ्यासात तुलनात्मक वाढ सत्तरीच्या आतील रुग्णांतच अधिक होती. तरुणांच्या अचानक मृत्यूंचे खापर लशीवर फोडणाऱ्यांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा २०२३ चा अभ्यास वाचावा. त्यात लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही, कोविडसाठी रुग्णालयात दाखल होण्याचा मात्र अशा मृत्यूंशी संबंध दिसला. मूत्रपिंडांबाबतही असाच एक गैरसमज आहे. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो स्नायूंतील टाकाऊ पदार्थ, प्रमाणात असला की मूत्रपिंडे शाबूत, हेही खरे नाही, कारण कार्यक्षमता बरीच घटेपर्यंत तो वाढत नाही. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासावे लागते.

रुग्णालयातून मिळालेले डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे आणि त्यात मूत्रपिंडाच्या इजेची नोंद असल्यास कोणतीही वेदनाशामक गोळी घेण्यापूर्वी ते डॉक्टरांना अवश्य दाखवावे.